भावाला तिसऱ्या बोअरसाठी पैसे देऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी पुण्यात हडपसरला राहते, बँकेत नोकरी करते. माहेर पुरंदर तालुक्यात, पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात. वडील गेल्यापासून धाकटा भाऊ सहा एकर शेती बघतो. एक एकर अंजीर, अर्धा एकर सीताफळ, बाकी बाजरी, ज्वारी, पावसाळी वाटाणा. दोन बोअर मारले. पहिला ३५० फुटांचा, त्यातून नुसता धुरळा निघाला. दुसरा ५५० फुटांचा, तो फेब्रुवारीत बंद पडतो. आता भाऊ म्हणतो, ८०० फूट जाऊ, पाणाड्याने जागा दाखवली आहे. सोबत प्लास्टिकचं शेततळं करू आणि दोन एकर ऊस लावू. त्यासाठी त्याला माझ्याकडून साडेचार लाख हवेत. नवरा म्हणतो, हे पैसे मातीत जातील, त्यापेक्षा जमिनीला भाव आलाय तोवर विका. आई म्हणते, भावाला तू नाही देणार तर कोण? चुलत्यांबरोबरची सामाईक विहीर आहे, पण मोटारीच्या पाळीवरून भांडण झालं तेव्हापासून ती तशीच पडून आहे. मला भावाला तोडायचं नाही आणि पैसेही बुडवायचे नाहीत. काय करू?

ताई,

पैसे द्यायचे की नाही, असा तुमचा प्रश्न आहे. पण पत्र वाचताना मी थांबले ती शेवटच्या ओळींपाशी, जिथे तुम्ही सामाईक विहिरीचा जाता जाता उल्लेख केलाय. तिच्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे. आधी बोअरचं बघू, कारण भावाचं मन तिथे लागलेलं आहे.

अजून खोल गेलं की अजून पाणी लागेल, असं त्याने धरलेलं दिसतं. आपल्याकडे जमिनीखाली पाण्याचा साठा सलग पसरलेला नाही. पुरंदर काय किंवा बारामतीचा जिरायत भाग काय, सगळा काळ्या पाषाणावर बसलाय, लाव्हाच्या एकावर एक थरांवर. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांच्या खडकाच्या पोकळ्यांमध्ये आणि थरांच्या सांध्यांतल्या भेगांमध्ये. विहीर खोदणाऱ्या जुन्या माणसांना ही उतरंड पाठ असायची: माती, मुरूम, मांजऱ्या, मग फत्तर. पावसाचं पाणी दरवर्षी मुरतं आणि दरवर्षी परत भरतं ते प्रामुख्याने या वरच्या पन्नास-साठ फुटांत. खाली जावं तसा खडक घट्ट होत जातो आणि भेगा विरळ. ८०० फुटांवर एखादी भेग सापडलीच, तर पहिले काही महिने दोन इंची पाणी पडतं आणि घरात पेढे वाटले जातात. पण ते पाणी तिथे हळूहळू साठलेलं असतं. एका उन्हाळ्यात उपसलं तर पुढच्या पावसाळ्यात ते तितकंच परत येईल असं नाही. तुमचा ५५० फुटांचा बोअर दर फेब्रुवारीत बंद पडतो, म्हणजे त्याला वरून मिळणारं पाणी तेवढंच आहे. बोअर खोल नेऊन त्या भागात पडणारा पाऊस वाढणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी गावात सगळे जाणतात पण बोअरची गाडी दारात आली की कोणी बोलत नाही. खोल बोअरला केसिंग, म्हणजे भोकात बसवायचा पाईप, फक्त वरच्या काही फुटांपर्यंत टाकलेलं असतं. ते आखूड पडलं तर वरच्या मुरमातलं पाणी, जे शेजारच्या विहिरीत झिरपत आलं असतं, ते बोअरच्या भोकातून खाली उतरतं. ‘अमक्याने बोअर मारला आणि आमची विहीर आटली’ ही तक्रार दर वेळी खोटी नसते. तुमच्या बाबतीत ती शेजारची विहीर चुलत्यांचीही आहे आणि तुमचीही.

पाणाड्यावरून भावाशी वाद घालू नका. दोन बोअरमध्ये हरलेल्या माणसाला कुणीतरी खात्रीने जागा दाखवणारा हवा असतो. त्याला एवढंच म्हणा, की पैसे देण्याआधी एकदा भूवैज्ञानिकाकडून जागा तपासून घेऊ. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पुण्यातच आहे. ते लोक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात, तुमच्या पाणलोटाची परिस्थिती त्यांच्या नोंदीत सापडेल. तिथेच कायद्याचंही विचारा. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांच्या पुढची विहीर किंवा बोअर ‘खोल विहीर’ धरली आहे आणि तिच्यावर नियंत्रणं आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर तर १९९३ च्या कायद्यापासून बंधन आहे. गाडी रात्रीत येते, भोक पाडून रात्रीत निघून जाते आणि कोणी विचारत नाही, हे मला माहीत आहे. तरीही गावच्या पिण्याच्या विहिरीजवळ बोअर मारायला आपले पैसे लागले, हे तुम्हाला चालेल का, याचा विचार करा.

आता ऊस. भावाला ऊस का हवा, हे मला पूर्ण समजतं. अंजीर पिकलं की दोन दिवसांत विकावं लागतं. बाजारात आवक वाढली की तोंडावर भाव पडतो. उसाची तोड कारखाना करतो, दराला कायद्याचा आधार असतो, पैसे खात्यावर येतात. सतत टांगणीला लागलेल्या माणसाला ही निश्चिंती मोठी वाटते. पण पाण्याचा हिशेब त्याच्यासोबत कागद-पेन घेऊन करा. एक एकर म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर. तुमच्या भागात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एकरावर वर्षभरात २० लाख लिटर पाणी पडतं. उसाला त्याच्या वाढीच्या काळात दोन हजार मिलिमीटर तरी पाणी लागतं, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. एक एकर ऊस चार एकरांवरचा पाऊस पिणार, तोही एक थेंब वाहून किंवा उडून गेला नाही असं धरलं तर. दोन एकर ऊस म्हणजे आठ एकरांचा पाऊस. तुमची जमीन सहा एकर आहे. ठिबकवर ऊस घेतला तर ही गरज बरीच खाली येते, पण सहा एकरांतले दोन त्याने गिळले की बाकीच्या चार एकरांना काय उरतं, हे भावाने स्वतः मांडून बघावं. तुम्ही सांगण्यापेक्षा त्याच्या हाताने ते आकडे लिहिले गेले तर फरक पडेल.

शेततळ्याबद्दल माझा विरोध सरसकट नाही. पावसाळ्यात ओढ्याचं वाहून जाणारं पाणी धरायला ते उत्तम. पण बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरायचं असेल, तर आपण जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी उन्हात आणून ठेवतो. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, उताराच्या बाजूंचं शेततळं साधारण २२ लाख लिटरचं होतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दिवसाला आठ मिलिमीटर पाणी सहज उडतं. ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून म्हणजे रोज सात हजार लिटरच्या वर. अंजिराची झाडं पाच बाय पाच मीटरवर लावली तर एकरात सुमारे १६० बसतात. झाडाला दिवसाला ४० लिटर धरले तर पूर्ण बागेला साडेसहा हजार लिटर लागतात. म्हणजे भरलेल्या तळ्यावरून रोज एका बागेपेक्षा जास्त पाणी नुसतं हवेत जाणार.

आता विहीर.

पुरंदरमध्ये राहून ही गोष्ट भावाला कदाचित ठाऊक असेल, पण घरात ती पुन्हा बोलली जावी. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे उद्योजक तुमच्याच तालुक्यात नायगावला आले. देवस्थानची ४० एकर ओसाड जमीन त्यांनी कराराने घेतली, पाणी अडवलं, जिरवलं आणि मग गावोगावी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही चकित करतात. पाण्याचा हिस्सा जमिनीच्या प्रमाणात मिळायचा नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळायचा: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. आणि खर्चाचा काही भाग शेतकऱ्यांनी स्वतः उचलायचा. त्या माणसांनीही आधी पाळीवरून भांडणं केलीच असतील, गाव म्हटलं की ते आलंच. पण ‘हे पाणी कोणाचं’ याचं उत्तर त्यांनी आधी ठरवलं आणि मोटर मग बसवली. तुमच्या घरात उलटं झालं. मोटर बसली आणि हिस्सा बोलायचा राहिला.

म्हणून माझं स्पष्ट मत: तिसऱ्या बोअरला पैसे देऊ नका, पण पैसे देणारच नाही असंही म्हणू नका. भावाला सांगा, यातले काही पैसे सामाईक विहिरीसाठी बाजूला ठेवलेत, बाकीचे नंतर बघू.

विहिरीत आज काय आहे हे आधी बघायला हवं. दोरीला दगड बांधून खाली सोडा, पाणी किती आणि गाळ किती ते मोजा. विहिरीच्या आतल्या भिंतीवर वरपासून दर फुटाला ऑइलपेंटने खूण करा, दर पाच फुटांवर आकडा लिहा. मग एक दिवस भाड्याचा पंप लावून उपसा. पाणी किती फूट उतरलं आणि मोटर बंद केल्यावर सकाळपर्यंत किती फूट परत चढलं, एवढं लिहून ठेवा. रात्रभरात चढलेल्या त्या फुटांवरून विहीर किती देऊ शकते ते कळतं. हीच नोंद ऑक्टोबरात, पावसाळा संपताना पुन्हा करायची आणि त्यावर रब्बी ठरवायची: किती ज्वारी, किती हरभरा, अंजिराचा कोणता बहार, म्हणजे फळाचा हंगाम. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या गावाने हेच वर्षानुवर्षं केलंय. पावसाचा आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, पाणी असेल तेवढंच पीक घ्यायचं, सिंचनासाठी बोअर नाही, ऊस नाही. संपूर्ण गावाला जमलं ते दोन चुलत-घरांना जमू नये असं काही नाही.

चुलत्यांकडे कोणी जायचं, हा खरा अवघड भाग. भावाने जाऊ नये. त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघताच जुनं भांडण उकरलं जाईल. तुम्ही जा. माहेरवाशिणीला चुलत्यांच्या दारात जायला निमित्त लागत नाही आणि तिला चहा न देता परत पाठवायची कोणाची हिंमत नसते. आधी चुलतीशी बोला. अशा घरांत पाण्याची टंचाई सगळ्यात जास्त तिच्या डोक्यावरून वाहिलेली असते. विहिरीचा विषय काढताना हिस्सा, सातबारा, कोर्ट यांतलं काही बोलू नका. एवढंच म्हणा, की गाळ काढायचा खर्च मी करते, पाळी कशी असावी ते काका तुम्ही सांगा. मोठ्या माणसाला ठरवायचा मान दिला की तो बहुतेक वेळा स्वतःच्या वाट्याला कमी घेतो. घेतला नाही तरी काही बिघडत नाही. बंद विहिरीच्या निम्म्यापेक्षा चालू विहिरीचा पाव हिस्सा मोठा.

पाळी मात्र नीट बांधा, कारण भांडण तिच्यावरूनच झालं होतं. थ्री फेज लाईट कधी दिवसा असते, कधी रात्री. वार ठरवून पाळी वाटली, की एकाच्या वाट्याला नेहमी रात्रीची लाईट येते, साप-विंचवात पिकाला पाणी द्यायला तोच जातो आणि महिन्याभरात तोंडं फिरतात. त्यापेक्षा वाटणी पाण्याच्या फुटांवर करा: लाईट कधीही असो, आज तुम्ही अमक्या खुणेपर्यंत, उद्या आम्ही. भिंतीवरचे आकडे दोन्ही घरांना दिसतात, कोणाला कोणावर विश्वास टाकायची वेळ येत नाही. मोटर एकच ठेवा, वीजबिल निम्मं-निम्मं. उन्हाळ्यात ठरावीक खुणेच्या खाली गेलं की शेतीची मोटर बंद, उरलेलं पाणी दोन्ही घरांच्या जनावरांना आणि पिण्याला. हे एका कागदावर लिहून दोन्ही घरांच्या सह्या घ्या. नात्यात कागद कशाला, असं कोणी म्हणेल. तुमच्या घरात कागद नव्हता म्हणून काय झालं ते तुम्ही बघितलंच आहे.

पुनर्भरण गाळ काढल्यानंतर लगेच करून घ्या. जवळच्या ओढ्याचं किंवा शेतातून वाहणारं पाणी विहिरीत सोडायचं, पण थेट नाही. विहिरीपासून थोडं अलीकडे सहा-सात फुटांचा खड्डा, तळाशी मोठे दगड, वर खडी, मग वाळू; खड्ड्याच्या तळातून पाईप विहिरीत. गोठ्याचं किंवा फवारणीच्या शेताचं पाणी तिकडे वळता कामा नये. दर पावसाळ्याआधी वरची वाळू धुऊन घ्यायची, नाहीतर दुसऱ्या वर्षी खड्डा नुसता चिखल धरून बसतो. बंद पडलेल्या ३५० फुटांच्या बोअरचाही पुनर्भरणासाठी उपयोग होतो का, ते त्याच भूवैज्ञानिकाला विचारा. तो खर्च झालेला आहेच.

अंजिराच्या बागेसाठी यंदाचा उन्हाळा कठीण जाणार. भावाला सांगा, फळाचा मोह सोडून झाड वाचवायचं वर्ष धरू. बागेत बाजरीच्या सरमडाचं किंवा मिळेल त्या काडीकचऱ्याचं जाड आच्छादन, आळ्यात पाणी सोडणं बंद आणि बुडाशी ठिबक. पुढे पाणी कमीच असेल तर मीठा बहार टाळून खट्टा धरावा, कारण मीठ्याचं फळ मार्च ते मेमध्ये, म्हणजे विहीर तळाला असते नेमकं तेव्हा भरतं. मीठ्याला भाव चांगला येतो हे खरं, पण टँकरचे पैसे वजा करून बघायला हवं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दोन-तीन घरांनी मिळून नीट पॅकिंग केलं तर पुण्यात गिऱ्हाईक आहे आणि त्यात तुमच्या नोकरीच्या ओळखी पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडतील. सीताफळाला तर या पट्ट्यात तोड नाही; वाढवायचं असेल तर ते वाढवा.

ठिबकसाठी अनुदान आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा आणि पूर्वसंमती आल्यावरच साहित्य घ्यायचं. आधी खरेदी केलेली बिलं नंतर अडकतात. एक सावधगिरी: ठिबक आलं की वाचलेल्या पाण्यात अजून एक एकर बागायत करायचा मोह होतो आणि विहीर होती तिथेच येते. क्षेत्र वाढवायचं नाही, हे भावाकडून आधी कबूल करून घ्या.

तुमच्या गावाला पुरंदर उपसा योजनेचं पाणी पोहोचतं का, हे पत्रात नाही. पोहोचत असेल तर पाणीपट्टी आणि आवर्तनाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्यांची, चौकशी करा. हे पाणी मुळा-मुठेतून उचललेलं, म्हणजे बरंचसं आपण पुण्यात वापरून सोडलेलं आहे. ठिबकला देण्याआधी त्याला चांगलं फिल्टर लागतं आणि पिण्याच्या विहिरीत ते मुरू देऊ नये.

तुमच्या यजमानांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. दोन बोअर फसलेले त्यांनीही बघितलेत आणि त्यांची काळजी तुमच्या संसाराची आहे. पण जमीन विकायचा निर्णय दुष्काळाच्या उन्हाळ्यात, एका फोनवर होऊ नये. भाऊ त्या जमिनीवर जगतो. तुमचा तिच्यात कायद्याने हिस्सा आहे, तो तसाच राहू द्या, आणि पैशांच्या बदल्यात हक्कसोडपत्र किंवा हक्कसोडपत्राच्या बदल्यात पैसे, हे दोन विषय कोणालाही एकत्र करू देऊ नका. पैसे देताना ते भेट म्हणून देताय की परत हवेत, हे यजमान, आई आणि भाऊ तिघांसमोर बोला. ‘बघू नंतर’ म्हणून दिलेले पैसे पुढे तुम्हालाच टोचत राहतील.

विहिरीतून मनासारखं पाणी निघालं नाही तर? तेही होऊ शकतं. तेव्हा अंजीर अर्ध्या एकरावर आणावं लागेल आणि बाकी जमीन मालदांडी ज्वारी, बाजरी, तूर यांच्यावर ठेवून भावाने शेळ्या किंवा दुसरं काही जोडावं लागेल. तुमची मदत मग त्या जोडधंद्याला व्हावी. २०२३ मध्ये राज्याने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत पुरंदर होता, आणि बारामती, शिरूर, दौंड, इंदापूरही. त्या गावांतून पुण्यात नोकरीला आलेल्या कितीतरी बहिणींना आणि भावांना असाच फोन येतो. त्यांनाही मी हेच म्हणेन, की बोअरचे पैसे पाठवण्याआधी गावात जुनी विहीर कोणाच्या भांडणात अडकली आहे का, ते विचारा.

आता माघ संपत आलाय. गाळ काढायचा तो विहीर तळाला गेल्यावर, एप्रिलअखेर ते मे. पहिला वळीव पडला की काम थांबतं. पोकलेन आणि यारीवाले (विहिरीतला गाळ वर ओढणारे) त्या दिवसांत लवकर मिळत नाहीत, म्हणून मार्चमध्येच बोलून ठेवावे लागतात. तेव्हा चुलत्यांकडे जायचं ते महाशिवरात्रीच्या सुट्टीतच उरकून घ्या.